चिकूच्या मायदेशात

उत्तर कोकणच्या किनारपट्टीवरील वाड्यांमध्ये चिकूचे झाड इतके रुजले आहे की, ते कोणे एके काळी परक्या मुलखातून आले असे सांगितल्यास घरातील वडीलधारी माणसे हसतात. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकनही लाभले. तथापि या झाडाचा मायदेश आपल्यापासून अर्ध्या पृथ्वीच्या अंतरावर आहे. मेक्सिकोचा दक्षिण भाग व मध्य अमेरिका हे त्याचे मूळ स्थान. तेथील स्पॅनिश भाषक त्याला 'चिकोसापोते' म्हणतात आणि आपला 'चिकू' हा त्याच नावाचा तुकडा होय. मका, मिरची, पपई, पेरू, सीताफळ ही आपल्या ताटातील आणि परसातील मंडळीही त्याच खंडातून दर्यावर्दी युरोपियनांच्या गलबतांतून जगभर गेली. ज्या भूमीने आपल्याला इतके दिले, तिच्या लोकांविषयी मात्र आपल्याला फारसे ठाऊक नसते. शाळेच्या पुस्तकात एका पिरॅमिडचे चित्र आणि 'माया संस्कृती लयास गेली' असे एक वाक्य, एवढीच आपली शिदोरी.

२०२४ सालच्या ऑक्टोबरअखेरीस आम्ही उभयता ही तुटपुंजी शिदोरी घेऊन मेक्सिकोच्या युकातान प्रांतात गेलो. मेरिदा या राजधानीच्या शहरी मुक्काम केला आणि तेथून आठ दिवस आसपासचा मुलूख पाहिला. आमच्याबरोबर एक स्थानिक वाहनचालक होते. वय पन्नाशीच्या आसपास. उमेदीची वर्षे त्यांनी कान्कुनच्या हॉटेलांत काढली होती, त्यामुळे त्यांना कामापुरते इंग्रजी येत होते. आम्हाला ते 'सेन्योर' आणि पत्नीला 'सेन्योरा' म्हणत. घरी मात्र त्यांचा फोन आला की ते निराळ्याच भाषेत बोलू लागत. शब्दाच्या मध्येच घसा क्षणभर अडतो आहे की काय असे वाटावे, अशी ती भाषा. ती कोणती, असे आम्ही पहिल्याच दिवशी विचारले. "माया," ते म्हणाले. "माझ्या आईला स्पॅनिश नीट येत नाही." लयास गेलेल्या संस्कृतीविषयीचे शाळेतील ते वाक्य तेथेच निकालात निघाले. २०२० सालच्या जनगणनेनुसार एकट्या मेक्सिकोत युकातानची माया भाषा बोलणारे पावणेआठ लाखांच्या घरात आहेत आणि तिच्या बहिणी शोभाव्यात अशा सुमारे तीस माया भाषा मेक्सिको, ग्वातेमाला व शेजारच्या देशांत बोलल्या जातात.

युकातान हा तळहातासारखा सपाट प्रदेश आहे. जमीन चुनखडीची, वर मातीचा पातळ थर, त्यावर ठेंगण्या झाडांचे रान. उत्तर भागात पृष्ठभागावर एकही नदी नाही. पावसाचे पाणी खडकात झिरपते व जमिनीखालून वाहते. जेथे खडकाचे छत कोसळले तेथे ते उघडे पडते. अशा नैसर्गिक विहिरीला माया लोक 'त्सोनोत' म्हणतात. स्पॅनिश जिभेवर त्याचे 'सेनोते' झाले. एका गावाजवळ आम्ही अशा सेनोतेत लाकडी जिन्याने उतरलो. खाली निळे, थंडगार, तळ दिसणारे पाणी आणि छतातून लोंबणारी झाडांची मुळे. वसईच्या बावखलांची आठवण झाली. गोड्या पाण्याच्या काठाने माणूस कसा वस्ती करतो आणि त्या पाण्याला कसा जपतो, हे आपल्याकडील वाडीवाल्यांना निराळे सांगायला नको.

मेरिदाच्या दक्षिणेस सुमारे ऐंशी किलोमीटरवर उश्माल आहे. तेथे सेनोतेही नाहीत. हजार-बाराशे वर्षांपूर्वी त्या नगरातील माणसे खडकात टाकी खोदून पावसाचे पाणी साठवीत. म्हणूनच की काय, तेथील अनेक इमारतींच्या माथ्यावर सोंडेसारखे नाक असलेला चाक हा पर्जन्यदेव ओळीने बसलेला आहे. 'जादूगाराचा पिरॅमिड' म्हणून ओळखले जाणारे मंदिर सुमारे पस्तीस मीटर उंच आहे व त्याचा पाया चौकोनी नसून लंबगोल आहे. अंड्यातून जन्मलेल्या एका बुटक्याने ते एका रात्रीत बांधले अशी लोककथा आहे. समोरच्या उंचवट्यावरील 'राज्यपालाचा वाडा' जवळजवळ शंभर मीटर लांब. खालची भिंत साधी, वरचा अर्धा भाग मात्र कातलेल्या दगडांच्या जाळीने भरलेला. हे सारे धातूच्या अवजारांवाचून आणि ओझे वाहणाऱ्या जनावरांवाचून उभारलेले आहे.

त्या वाड्याच्या दारांवर आम्ही बराच वेळ मान वर करून पाहत राहिलो. दारांवरील तुळया चिकूच्या लाकडाच्या असत. हे लाकूड इतके कठीण की, वाळवी व पाऊस यांना ते शतकानुशतके दाद देत नाही. काही मंदिरांत दगड ढासळले, पण तुळई शाबूत राहिली. उश्मालची अशीच एक कोरीव तुळई, जिच्यावर माया चित्रलिपीची ओळ होती, जॉन लॉइड स्टीफन्स या अमेरिकन प्रवाशाने न्यूयॉर्कला नेली. (ख्रिस्तपुराणकर्त्या फादर स्टीफन्सशी त्यांचे केवळ आडनावाचे साम्य.) १८४२ साली तेथील प्रदर्शनगृहाला आग लागली व जिने हजार पावसाळे सोसले होते ती तुळई एका रात्रीत जळाली. वाडीत चिकूच्या झाडाखाली ज्यांचे बालपण गेले, त्यांना हे ऐकून हळहळ वाटल्यावाचून राहणार नाही.

या स्टीफन्स महाशयांचे एक ऋण मात्र मान्य केले पाहिजे. त्यांच्या काळी युरोप-अमेरिकेतील विद्वान म्हणत की, असली नगरे येथील 'इंडियन' लोकांना बांधताच आली नसती. ती इजिप्शियनांनी, फिनिशियनांनी किंवा इस्राएलच्या हरवलेल्या वंशांनी बांधली असावीत. स्टीफन्सनी १८४१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रवासग्रंथात स्पष्ट लिहिले की, अवशेषांभोवती शेती करणाऱ्या याच लोकांच्या पूर्वजांचे हे काम आहे. नगरे ओस पडली हे खरे. दक्षिणेकडील अरण्यातील मोठी नगरे नवव्या शतकात दुष्काळ, युद्धे व राजसत्तांची पडझड यांमुळे रिकामी झाली. पुढे उश्मालचीही तीच गत झाली. परंतु राजवाडा रिकामा झाला म्हणून प्रजा नाहीशी होत नाही. ती शेतावर राहिली, मका पेरीत राहिली.

चिचेन इत्सा हे नाव बहुतेक वाचकांनी ऐकलेले असेल. मेरिदाच्या पूर्वेस सुमारे एकशेवीस किलोमीटरवरील या नगराला जगभरातून लोक येतात. कुकुलकान देवाच्या पिरॅमिडला चार बाजूंनी प्रत्येकी ९१ पायऱ्या आहेत. माथ्यावरील चौथरा धरला म्हणजे ३६५ होतात. दगडात बांधलेले पंचांगच ते. ज्या काळी युरोप रोमन आकड्यांनी हिशेब करीत होता, त्या काळी हे लोक शून्य वापरीत होते, हे शून्याचा अभिमान बाळगणाऱ्या आपण भारतीयांनी आदराने नोंदवावे असे आहे. पिरॅमिडवर आता चढू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

तेथून पांढऱ्या दगडी वाटेने उत्तरेस गेले की 'पवित्र सेनोते' लागते. सुमारे साठ मीटर व्यासाचा, हिरवट पाण्याचा तो खोल डोह. त्यात सोने, जेड आणि माणसेही अर्पण केली जात. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. या डोहाजवळील एका जुन्या भूमिगत टाक्यात १९६७ साली शंभराहून अधिक मुलांची हाडे सापडली होती. त्यांपैकी ६४ मुलांच्या अस्थींची जनुकीय तपासणी करून २०२४ सालच्या जूनमध्ये संशोधकांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. ते सारे मुलगेच होते. कित्येक एकमेकांचे नातलग होते आणि त्यांत जुळ्या भावांच्या दोन जोड्या होत्या. पत्नीने हे ऐकले आणि ती डोहाच्या काठावरून मागे सरली. अब्राहामाचा उचललेला हात देवदूताने अडवला ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. येथे तो हात अडवला गेला नव्हता.

त्याच संशोधनाचा दुसरा निष्कर्ष तितकाच महत्त्वाचा आहे. त्या मुलांच्या जनुकांची तुलना जवळच्या तिशकाकाल्तुयुब या गावातील आजच्या रहिवाशांशी, त्यांच्या संमतीने, करण्यात आली. हे गावकरी त्याच वंशातले ठरले. स्टीफन्सनी डोळ्यांनी पाहून जे लिहिले होते, ते जवळजवळ दोन शतकांनी प्रयोगशाळेने सिद्ध केले. आम्ही बाहेर पडलो तेव्हा वाटेच्या दुतर्फा माया स्त्रीपुरुष लाकडी मुखवटे आणि भरतकाम केलेले कपडे विकत बसले होते. प्रवासी घासाघीस करीत होते. ज्यांच्या पूर्वजांचे वैभव पाहण्यासाठी एवढ्या लांबून यायचे, त्यांच्याच नातवंडांकडे मान वर करूनही पाहायचे नाही, असे ते दृश्य होते.

त्यानंतरचे दोन दिवस आम्ही अवशेष पाहिले नाहीत, गावे पाहिली. आमच्या चालकांनीच तसे सुचवले होते. खेड्यातील जुने माया घर लंबगोल असते, कुडाच्या भिंतींचे आणि ताडपत्रीसारख्या पानांनी शाकारलेले. आत खाट नसते. झोपण्यासाठी झोळ्या टांगतात आणि सकाळी गुंडाळून ठेवतात. स्त्रिया 'उइपिल' नावाचा पांढरा सैल पोशाख घालतात, त्याच्या गळ्याभोवती व काठाला फुलांचे भरतकाम असते. चुलीवर मातीचा किंवा पत्र्याचा तवा. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, धुऊन, मग दळायचा आणि हाताने थापून भाकऱ्या भाजायच्या. चुन्याच्या या संस्कारामुळे मक्यातील पोषक द्रव्य अंगी लागते. ज्या देशांनी मका नेला पण ही रीत नेली नाही, तेथील मक्यावरच जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा नावाच्या रोगाने पछाडले. आजीबाईंच्या स्वयंपाकातील शहाणपण कधी कधी गलबतात चढत नाही.

शेताला ते 'मिल्पा' म्हणतात. मका, शेंगांचा वेल आणि भोपळा हे तिन्ही एकत्र पेरतात. मका वेलाला आधार देतो, शेंगा जमिनीचा कस राखतात, भोपळ्याची पाने ओल धरतात. आम्ही गेलो तेव्हा मक्याची ताटे मध्यावर मोडून खाली झुकवलेली होती. प्रथम वाटले, वादळाने नुकसान केले असावे. चालकांनी सांगितले की, कणसे पाऊस व पाखरे यांपासून वाचावीत म्हणून ताटे मुद्दाम अशी मोडतात आणि कणीस शेतातच वाळू देतात. शेताच्या बांधालगत घायपाताच्या रांगा दिसल्या. आपल्याकडे कुंपणाला लावतात तसल्याच जातीचे ते झाड. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घायपाताच्या दोराने मेरिदाचे जमीनदार कोट्यधीश झाले. त्यांचे वाडे आजही शहरात मिरवतात. मळ्यांत राबणारे माया मजूर मात्र पिढ्यान्पिढ्या कर्जात बांधलेले होते. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, मेक्सिकन क्रांतीच्या काळात, त्यांची सुटका झाली.

त्या गावांत दोन शब्दप्रयोग आम्ही शिकलो. भेटल्यावर म्हणायचे, "बिश आ बेल?" म्हणजे अक्षरशः "तुमची वाट कशी आहे?" उत्तर, "मालोब", म्हणजे "बरी आहे". आणि आभार मानताना म्हणायचे, "दिओस बोओतिक". यातला 'दिओस' स्पॅनिश, 'बोओतिक' माया. देव त्याची फेड करो, असा भाव. हे ऐकताच आम्ही एकमेकांकडे पाहिले. गोव्याचा कोकणी ख्रिस्ती माणूस "देव बरें करूं" म्हणून आभार मानतो, तो हाच भाव. उपकाराची फेड आपल्या हातून व्हायची नाही, ती देवानेच करावी, असे जगाच्या दोन टोकांवरील साध्या माणसांना सुचले.

एवढे झाल्यावर आम्ही इसामालला गेलो. मेरिदाच्या पूर्वेस सुमारे सत्तर किलोमीटरवरील हे सारे गाव पिवळ्या रंगाने रंगवलेले आहे. मध्यभागी पादुआच्या संत अंतोनींचा फ्रान्सिस्कन मठ. १५४९ साली त्याची स्थापना झाली व १५६१ साली चर्च उभे राहिले. रुंद पायऱ्या चढून वर गेले की कमानींनी वेढलेले एवढे विस्तीर्ण अंगण लागते की, आपल्याकडील मोठ्या सणाची गर्दीही त्यात विरळ दिसावी. आपल्या संत अंतोनींचे नाव, आपली मरियामाता, आपली मिस्सा. परक्या मुलखात आपले घर सापडल्याचा आनंद झाला. मग चालकांनी पायरीच्या एका दगडाकडे बोट दाखवले. त्यावर माया कोरीवकाम होते. हा मठ एका माया पिरॅमिडचा माथा सपाट करून, त्याच्याच दगडांनी बांधलेला आहे. आपण चढून आलो तो त्या जुन्या मंदिराचाच उंचवटा होता. थोड्याच अंतरावर 'किनिच काकमो' हा सुमारे पस्तीस मीटर उंचीचा दुसरा पिरॅमिड अजून उभा आहे. त्याच्या माथ्यावरून पाहिले तर क्षितिजापर्यंत हिरवे रान आणि मध्ये पिवळा मठ. दोन्ही उंचवटे एकमेकांकडे पाहत असल्यासारखे.

मठाच्या परिसरात पोप जॉन पॉल दुसरे यांचा पुतळा आहे. ११ ऑगस्ट १९९३ रोजी ते येथे आले, आदिवासी समाजांच्या प्रतिनिधींना भेटले आणि इसामालच्या मरियामातेला त्यांनी मुकुट अर्पण केला. गावात आणखी एक पुतळा आहे, तो फ्रान्सिस्कन धर्मगुरू दिएगो दे लांदा यांचा. याच मठाच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. त्यांची गोष्ट सांगितल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही, आणि ती सांगणे आम्हाला सोपे नाही.

लांदा १५४९ साली तरुणपणी युकातानात आले. ते माया भाषा शिकले, गावोगावी पायी फिरले, स्पॅनिश जमीनदारांच्या जुलमापुढे माया लोकांची बाजूही त्यांनी घेतली. १५६२ साली मानी या गावाजवळच्या एका गुहेत मूर्ती व माणसांच्या कवट्या सापडल्या. बाप्तिस्मा घेतलेले लोक गुपचूप जुनी पूजा करतात हे कळताच लांदांचा संताप अनावर झाला. प्रांताला तेव्हा हजर बिशप नव्हते. चौकशीचे अधिकार त्यांनी स्वतःच हाती घेतले. लोकांना हात बांधून टांगण्यात आले, फटके मारण्यात आले. पुढे झालेल्या सरकारी चौकशीत या छळापायी १५८ जण मृत्यू पावल्याची नोंद झाली. १२ जुलै १५६२ रोजी मानीच्या मठासमोर मूर्ती जाळण्यात आल्या आणि त्यांच्याबरोबर माया लोकांची पुस्तके. झाडाच्या सालीच्या कागदावर चुन्याचा हात देऊन रंगाने लिहिलेली ती घडीची पुस्तके होती. त्यांत ग्रहांची गणिते होती, पंचांगे होती, पूजाविधी होते. ती जळताना लोकांना अतोनात दुःख झाले, असे स्वतः लांदांनीच लिहून ठेवले आहे. साऱ्या माया जगातील अशी पुस्तके आज फक्त चार उरली आहेत.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये बिशप फ्रान्सिस्को दे तोराल युकातानात दाखल झाले. तेही फ्रान्सिस्कनच. त्यांनी चौकशी थांबवली, कैद्यांना सोडले आणि लांदांविरुद्ध राजाकडे तक्रार केली. एकाच संघाचा झगा घातलेली ही दोन माणसे; क्रूस एकच, वाचन निराळे. लांदांना स्पेनला जावे लागले. तेथे ते निर्दोष ठरले आणि तोराल यांच्या मृत्यूनंतर १५७३ साली स्वतःच युकातानचे बिशप होऊन परतले. त्यांच्या स्पेनमधील मुक्कामात, १५६६ च्या सुमारास, त्यांनी युकातानच्या लोकजीवनावर ग्रंथ लिहिला. त्यात घरे, सण, शेती, पंचांग यांचे बारीक वर्णन आहे आणि एका पानावर माया अक्षरांची यादी आहे. जाणत्या माया लेखकाला समोर बसवून, स्पॅनिश अक्षराचा एकेक उच्चार करून, त्यांनी ती लिहवून घेतली होती.

तो ग्रंथ विस्मरणात गेला. १८६२ साली ब्रासेर द बूरबूर या फ्रेंच धर्मगुरूंना माद्रिदच्या ग्रंथसंग्रहात त्याची संक्षिप्त प्रत सापडली. यादी पाहून विद्वान हर्षभरित झाले, पण लिपी उलगडेना. शेवटी १९५२ साली लेनिनग्राडच्या यूरी क्नोरोझोव्ह या तरुण संशोधकाने, माया भूमीवर पाऊलही न ठेवता, कोडे सोडवण्याची दिशा दाखवली. लांदांनी 'अक्षर' विचारले होते, लेखकाने कानावर पडलेल्या उच्चाराचे चिन्ह काढून दिले होते. आपल्या बाराखडीत 'क'मध्ये स्वर मिसळलेला असतो, तशीच ती चिन्हे होती. मराठी माणसाला हे चटकन उमगते. त्यानंतरच्या दशकांत दगडांवरील बहुतेक लेख वाचता येऊ लागले. राजांची नावे, त्यांचे जन्म, विवाह, लढाया शतकांनंतर पुन्हा बोलू लागल्या. ज्या हातांनी पुस्तके जाळली, त्याच हातांनी लिहिलेल्या एका पानावाचून हे घडले नसते.

हे जमाखर्चाच्या वहीत मांडून लांदांना सूट द्यावी, असे आम्ही म्हणत नाही. एक पान वाचले म्हणून शेकडो पाने जाळल्याचे पाप फिटत नाही, आणि १५८ माणसांचे तर नाहीच नाही. ही गोष्ट केवळ दूरदेशाचीही नाही. मानीच्या होळीच्या दोनच वर्षे आधी, १५६० साली, गोव्यात धर्मन्यायालय स्थापन झाले होते. १६८४ साली तेथे कोकणी बोलण्याविरुद्ध फर्मान निघाले. आणि त्याच गोव्यात १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण छापले गेले, ते मराठीत, ओवीत, येथल्या लोकांच्या कानाला रुचेल असे. अंगार टाकणारा हात आणि ओवी लिहिणारा हात, दोन्ही आपल्याच घरातले. वडिलोपार्जित घर वारशाने मिळते तेव्हा त्यावरील कर्जही मिळते, हे वाडीवाल्यांना ठाऊक आहे.

मानीला आम्ही रविवारी, ३ नोव्हेंबरला पोहोचलो. आदल्या तीन दिवसांत युकातानभर 'हानाल पिशान' म्हणजे 'आत्म्यांचे भोजन' हा सण साजरा झाला होता. ३१ ऑक्टोबर मृत बालकांसाठी, १ नोव्हेंबर मोठ्यांसाठी, २ नोव्हेंबर सर्व आत्म्यांसाठी. मृतांच्या दिवशी आपण कबरींवर मेणबत्त्या लावतो. ते त्याशिवाय घरात मेज मांडतात. त्यावर क्रूस, फुले, फोटो, पाण्याचा पेला आणि मक्याच्या पिठात कोंबडी भरून, केळीच्या पानात गुंडाळून, जमिनीत खड्डा खणून भाजलेले पक्वान्न. एका घरी आम्हालाही पान वाढले गेले. मेजावरच्या क्रूसाजवळ त्या घरातल्या आजोबांचा फोटो होता. जुने कोणते आणि आपले कोणते, हे वेगळे काढणे आम्हाला जमले नाही, आणि त्या घरात कुणाला त्याची गरजही वाटत नव्हती.

मानीचा संत मिखाएलांचा मठ थोराड, उघड्या दगडाचा आहे. समोर मोठे मोकळे अंगण, गवत उगवलेले. होळी येथेच झाली. पत्नी अंगणात थांबली आणि म्हणाली, "येथे आत जाऊन गुडघे टेकावेत का?" आम्हाला उत्तर सुचेना. आम्ही चालकांना विचारले, "तुम्हाला राग येत नाही?" ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पुस्तके जाळली ते शाळेत शिकलो. आजी जपमाळ मायातच म्हणायची, ती तिच्याकडून शिकलो. दोन्ही ठाऊक आहे." एवढेच बोलून त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि ते आत गेले.

खरे पाहता या लोकांनी धर्मगुरूंकडून शिकलेली रोमन अक्षरे घेऊन आपली जुनी भविष्ये, इतिहास आणि औषधे पुन्हा लिहून काढली आणि गावोगावी जपली. 'चिलाम बालाम'ची पुस्तके म्हणून ती ओळखली जातात. त्यांतले एक याच मानीचे आहे. धर्मसभेनेही, उशिरा का होईना, वाट बदलली. १२ मार्च २००० रोजी जॉन पॉल दुसरे यांनी संत पीटरच्या महामंदिरात धर्मसभेच्या लेकरांनी केलेल्या पापांबद्दल क्षमा मागितली. फेब्रुवारी २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी चियापास प्रांतात आदिवासींसाठी मिस्सा अर्पिली. तिच्यात तेथील माया भाषांतून वाचने व प्रार्थना झाल्या आणि या लोकांना वेळोवेळी वगळले गेले, त्यांची क्षमा मागायला हवी, असे त्यांनी सांगितले. आम्ही परतल्यानंतर काही दिवसांतच तेथील धर्मप्रांताच्या मिस्सेत आदिवासींच्या काही प्रथांना रोमने मान्यता दिल्याची बातमी वाचली. चारशे बासष्ट वर्षे हा लांबचा पल्ला आहे. तरी वाट चालू आहे, एवढे म्हणता येईल.

त्या रविवारी मानीच्या चर्चमध्ये बाके भरलेली होती. पुढच्या रांगांत पांढऱ्या उइपिलातील म्हाताऱ्या बसल्या होत्या, त्यांच्या मांडीवर नातवंडे पेंगत होती. मिस्सा स्पॅनिशमध्ये होती. एक गीत मायात म्हटले गेले, तेव्हा म्हाताऱ्यांचा आवाज सर्वांहून वर चढला. ज्यांची पुस्तके बाहेरच्या अंगणात जळाली होती, त्यांचीच ही लेकरे. अर्पणाच्या वेळी ते सारे गुडघ्यांवर आले. त्यांच्यामागे, शेवटच्या बाकाशी, आम्हीही गुडघे टेकले.